मागची दोन चाकं

जयप्रकाशने पिकअपची मागची बाजू जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं आणि डावं चाक हाताने फिरवलं. पलीकडचं उजवं चाक त्याच दिशेने, तेवढंच फिरलं. त्याने डावं थांबवलं तसं उजवंही थांबलं.

साध्या गाडीत असं होत नाही. एक चाक पुढे फिरवलं तर दुसरं मागे जातं. दोन चाकांच्या मधल्या गोल डब्यात दातेरी चक्र्या असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी धावू देणं हे त्यांचं काम. या गाडीतल्या चक्र्या एकमेकींना कायमच्या चिकटवलेल्या होत्या. ते वेल्डिंग जयप्रकाशच्याच हातचं. तीन वर्षांपूर्वी बहरीनमधल्या सलमाबादच्या याच शेडमध्ये, दुपारच्या जेवणाआधी त्याने ते उरकलं होतं.

"चालू होईल?" दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"होईल, उम्म राशिद. बॅटरी, टायर, ब्रेकचे पाइप बदलावे लागतील. दरवाजा भंगारातल्या गाडीचा मिळेल, पण रंग जुळायचा नाही."

"रंगाचं राहू दे."

उम्म राशिद म्हणजे राशिदची आई. बाईंचं खरं नाव सुहा. मुलगा झाल्यापासून सगळे त्यांना त्याच्या नावाने ओळखू लागले, आणि मुलगा गेल्यावरही हाक बदलली नाही. ती हाक मारताना जयप्रकाशची जीभ दरवेळी जड व्हायची, म्हणून मनातल्या मनात तो त्यांना सुहाबाई म्हणायचा. साठी उलटलेली, शाळेत मास्तरीण म्हणून उभी हयात गेलेली बाई. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आजूबाजूला सगळी हिंदुस्थानी दुकानं, त्यामुळे त्यांचं हिंदी जयप्रकाशपेक्षा साफ होतं.

दोन वर्षं ही गाडी रिफ्यातल्या त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली पडून होती. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा आत दबलेला, छताची कड मुडपलेली. बाकी सांगाडा सरळ होता. आज सकाळी रिकव्हरीच्या गाडीवर घालून त्यांनी ती स्वतः आणली होती.

"चालू झाली की मला त्या डोंगरावर घेऊन चल," सुहाबाई म्हणाल्या. "सौदीत, तबूकला. या आठवड्यात तिथे बर्फ पडणार आहे."

जयप्रकाशच्या हातातलं फडकं थांबलं.

"दुसरी गाडी घेऊ या. चारही चाकांना जोर असलेली."

"तो गेला त्याच गाडीने. ही तू बनवलीस ना? मग तुझ्याइतकी ती आणखी कुणाला कळणार?"

जयप्रकाश जॅक खाली घ्यायला वाकला.

राशिद त्याला 'उस्ताद' म्हणायचा. पंचविशीतला पोरगा, उंच, सतत हसणारा. हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात लोकांचे तंबू लागले की हा तिथेच मुक्कामाला असायचा. फक्त मागच्या चाकांवर चालणारी ही साधी पिकअप त्याने हौसेने घेतली आणि जयप्रकाशच्या हातून नवी करून घेतली. मोठं इंजिन बसवलं, उंच स्प्रिंगा, रुंद टायर. तरी वाळूत एक चाक रुतलं की नेमकं तेच गरगरायचं आणि दुसरं मख्ख उभं राहायचं. "उस्ताद, दोन्ही एकदम ओढतील असं कर," तो म्हणाला. जयप्रकाशने केलं. सलमाबादमध्ये कितीतरी जण करून घेतात. वाळूसाठी ते बरंच असतं.

त्यात त्याला अजूनही काही वावगं वाटत नव्हतं. छळायचा तो नंतरचा एक गुरुवार. जानेवारी महिना होता. राशिद ऑइल बदलायला आला आणि म्हणाला, "उस्ताद, उद्या तबूकला चाललोय. डोंगरावर बर्फ पडलाय. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही."

जयप्रकाशने पाहिला होता. बहरीनला यायच्या आधी तीन हिवाळे त्याने हिमाचलातल्या लाहौलमध्ये रस्त्याच्या ठेकेदाराकडे ट्रक चालवला होता. अशा जखडलेल्या चाकांची गाडी बर्फावर काय करते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही चाकं एकाच वेळी सुटतात, मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. मागे वजन टाक, वळणावर पाय हलका ठेव, काही झालं तरी ब्रेक दाबू नकोस. एवढंच सांगायचं होतं. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण बाहेर दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, शेड बंद करायची वेळ झाली होती, आणि त्याने बॉनेट आपटून म्हटलं, "यल्ला, जा, मजा कर."

रविवारी बातमी आली. मागच्या गाडीत राशिदचे दोन मित्र होते. त्यांनी सांगितलं की वळणावर पिकअप आडवी झाली आणि ड्रायव्हरच्या बाजूने खडकावर आदळली. तिकडच्या पोलिसांच्या कागदात बर्फ आणि घसरण एवढंच लिहिलं होतं. मागचा गोल डबा कुणी उघडला नाही. जयप्रकाशला कुणी काही विचारलं नाही. गेल्या दोन वर्षांत शेडच्या दारात गाडी थांबली की त्याच्या कानात 'उस्ताद' अशी हाक यायची. तो वर बघायचा आणि तिथे भलताच कुणीतरी उभा असायचा. हेमाला, बायकोला, त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. देवगडला फोन केला की तो हवेपाण्याचं बोलायचा.

शेडच्या फळीवर भंगारातून काढलेला अशाच पिकअपचा मागचा अख्खा दांडा पडलेला होता, चक्र्यांसकट शाबूत. बदलायला अर्धा दिवस पुरला असता. बदलला तर गाडी बर्फावर जरा तरी भरवशाची होणार होती. आणि बदलला तर त्याने काय केलं होतं त्याचा मागमूस उरणार नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच त्याचा हात चालेना. तिसऱ्या दिवशी त्याने मनाचा हिय्या करून दांडा फळीवरून खाली काढला आणि पुसून ठेवला. उद्या सकाळी बसवायचा असं ठरलं.

त्याच दिवशी दुपारी सुहाबाई आल्या. इंजिन चालू झालं होतं. भंगारातला तपकिरी दरवाजा पांढऱ्या गाडीला लागला होता. त्यांनी एक फेरी मारायला सांगितलं आणि शेजारच्या सीटवर चढून बसल्या. सीटच्या कापडाला अजून ऊदचा वास होता. जयप्रकाशने गाडी गल्लीतून काढली आणि टोकाला वळवली. चिंचोळ्या वळणावर मागच्या टायरने डांबरावर कुईं असा आवाज केला.

सुहाबाईंनी डॅशबोर्ड धरला.

"घाबरू नका. टायर घासतो."

"घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत वळताना हाच आवाज यायचा. मी स्वयंपाकघरातून दार उघडायला जायचे. परत एकदा वळव."

त्याने वळवली. पुन्हा तो आवाज झाला. जखडलेलं चाक वळणावर फरपटत जातं तेव्हा होणारा आवाज. सुहाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

संध्याकाळी जयप्रकाशने पुसलेला दांडा पुन्हा फळीवर ठेवला. बाईंसाठी ठेवतोय असं त्याने स्वतःला सांगितलं. मग वाळूच्या सहा गोण्या भरून पिकअपच्या मागे, बरोबर चाकांच्या वर, दोरीने आवळून बांधल्या. बर्फ लागायच्या आधी बाईंना सगळं सांगायचं, हे मात्र त्याने पक्कं केलं.

सुहाबाईंच्या भाच्याने कागदपत्रं करून दिली आणि बुधवारी सकाळी दोघं निघाली. समुद्रावरचा पूल ओलांडताना जयप्रकाश बोलणार होता. दोन्ही बाजूंना निळं पाणी होतं आणि सुहाबाई माळ ओढत बसल्या होत्या. रियाधच्या पुढे सांगू असं त्याने ठरवलं. राशिदची उंची मोठी, त्यामुळे सीट बरीच मागे होती आणि जयप्रकाशला क्लच दाबायला ताणून बसावं लागत होतं. तरी रियाधपर्यंत त्याने सीट सरकवली नाही. पेट्रोल भरताना सुहाबाईंच्याच ते लक्षात आलं.

"सीट पुढे घे," त्या म्हणाल्या. "कंबर मोडून घेशील."

त्याने खालचा खटका ओढला. दोन वर्षं न हललेली सीट कुरकुरत पुढे आली.

रात्री वाटेतल्या हाइल शहरात एका हॉटेलात दोन खोल्या घेऊन मुक्काम केला. सकाळी चहा पिताना जयप्रकाशने कप खाली ठेवला आणि "उम्म राशिद" अशी सुरुवात केली. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसली.

"थंडी वाढेल आता," तो म्हणाला. "शाल बाहेर काढून ठेवा."

शुक्रवारी सकाळी तबूक सोडलं आणि दुपारच्या आत डोंगर लागला. आधी तांबड्या खडकांच्या फटींत पांढऱ्या रेघा दिसल्या, मग रस्त्याच्या कडेला ढीग, आणि एका वळणापलीकडे सगळाच रस्ता पांढरा. खाली मोकळ्या जागेत लोक गाड्या लावून बर्फाचे गोळे फेकत होते, थर्मासमधून चहा ओतत होते. जयप्रकाशने गाडी थांबवली. खाली उतरून मागच्या टायरमधली थोडी हवा सोडली, गोण्यांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. तबूकमध्ये चाकांना बांधायच्या साखळ्या शोधल्या होत्या, पण सगळ्या खपल्या होत्या.

"इथून चालत जाऊ," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "गाडी वर नेणं बरं नाही."

"माझे गुडघे चढणार नाहीत, प्रकाश."

"उम्म राशिद, या गाडीत..."

"हळू चालव," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

त्याने दुसरा गिअर टाकला आणि क्लच इतका सावकाश सोडला की गाडी निघाली ते त्यालाच उशिरा कळलं. लाहौल सोडून बावीस वर्षं झाली होती, पण पायांना आठवत होतं. पाय पेडलवर नुसता टेकवलेला. स्टिअरिंग दोन्ही हातांत, पण घट्ट नाही. बर्फ टायरखाली करकरत होता. मागची दोन्ही चाकं एकजात पुढे ढकलत होती आणि प्रत्येक वळणावर गाडी सरळच जायला बघत होती. त्या ढकलण्यात त्याला कुणीतरी मागे बसल्यासारखं वाटत होतं. त्याने आरशात दोनदा पाहिलं. मागे गोण्या होत्या.

"हेच," सुहाबाई म्हणाल्या.

मागच्या गाडीतल्या मित्राने त्या जागेचा काढलेला व्हिडिओ त्यांनी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. उजवीकडे वळणारा रस्ता, डावीकडे मधोमध चिरलेला काळा खडक. जयप्रकाशने पाय आणखी उचलला आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. गाडी वळेना. मग एकदम वळली, आणि मागचा भाग डावीकडे निसटला. दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली. खडक समोरून सरकत त्याच्या खिडकीशी येऊ लागला. ब्रेककडे गेलेला पाय त्याने जागीच रोखला, क्लच दाबला आणि शेपूट जिकडे चाललं होतं तिकडेच स्टिअरिंग फिरवलं. गोण्यांच्या वजनाने मागचा भाग दबला, सावकाश झाला, थांबला. पिकअप रस्त्यात तिरकी उभी राहिली. खडक चार हातांवर होता.

क्लचवरचा पाय सुटून इंजिन बंद पडलं होतं.

सुहाबाईंनी दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले होते. ते खाली घेऊन त्यांनी विचारलं, "तू दोन्ही हातांनी सांभाळलीस. एका हाताने सांभाळता आली असती?"

"एका हाताने?"

"मी त्याला फोन केला होता." त्या काचेतून समोर बघत होत्या. "त्याने उचलला. 'युम्मा, सगळं पांढरं आहे,' म्हणाला. मी म्हटलं, पुरे झालं, आता घरी ये. तो हसला. मग नुसता आवाज आला. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या बापालाही नाही, बहिणीलाही नाही. पोलिसांनी त्याचा फोन तुकडे झालेला परत दिला. मी रोज विचार करते, मी फोन केला नसता तर त्याचा दुसरा हात स्टिअरिंगवर असता."

जयप्रकाशने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"दोन्ही हात असते तरी सांभाळता आली नसती," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. चक्र्या म्हणजे काय, त्या कशाला असतात, त्याने त्या कशा जाळून चिकटवल्या. आत्ता गाडी ज्या रीतीने सुटली त्याच रीतीने तेव्हा सुटली असणार. त्या गुरुवारी राशिदने बर्फाचं सांगितलं, ते त्याने ऐकलं, आणि ठाऊक असूनही तो बोलला नाही. त्या कुईं आवाजाचंही सांगितलं.

"फोनचा काही संबंध नाही," शेवटी तो म्हणाला. "रिकाम्या गाडीत, मागे वजन नसताना, माहीत नसलेल्या माणसाला ती दहा हातांनीही आवरली नसती."

हे सगळं खरं होतं का, ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसरा हात असता तर कदाचित खडक चुकला असता. कदाचित नाही. पण तो ते ठामपणे बोलला आणि नजर वळवली नाही.

सुहाबाई दार उघडून खाली उतरल्या. पायघोळ काळी अबाया हातात गोळा करत, बुटांनी बर्फ चाचपत खडकापर्यंत गेल्या. तिथे हात ठेवून उभ्या राहिल्या. जयप्रकाश मागे गेला नाही. वरून येणाऱ्या एका मोठ्या गाडीतून कुणीतरी काच खाली करून मदत हवी का विचारलं. त्याने नको म्हणून हात केला.

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"सलमाबादला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"जेलची. व्हिसाची." तो थांबला. "तुमची."

त्यांनी दार लावून घेतलं. "खाली चल," एवढंच म्हणाल्या.

गाडी वळवायला त्याला पंधरा मिनिटं लागली. उतारावरून गाडी त्याने पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरवली. सुहाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय याचा त्याला अंदाज येत नव्हता, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे त्याला कळत होतं.

पांढरा रस्ता संपून डांबर लागलं, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो वाजू दिला. बंद होऊन पुन्हा वाजला.

"कोण आहे?"

"मुलगी. निधी. शुक्रवारी दुपारी करते."

"गाडी बाजूला घे."

"नंतर बोलेन, उम्म राशिद."

"बाजूला घे. बंद कर. आणि बोल तिच्याशी."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला खडीवर उभी केली, चावी फिरवली. सुहाबाई उतरून थोडं पुढे गेल्या आणि शाल घट्ट ओढून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"बाबा, खंय आसात? कधीपास्ना फोन लावतंय."

"गाडी चालवी होतंय गो."

"आवाज कसो येता तुमचो? बरा नाय काय?"

"थंडी आसा हय. बोल तू."

निधी बोलत राहिली. कोल्हापूरचं हॉस्टेल, मेसचं जेवण, सोमवारपासून नर्सिंगची परीक्षा. तो हूं हूं करत होता. समोर ती काळी आकृती जराही हलली नाही. त्याने फोन ठेवला तरी सुहाबाई लगेच वळल्या नाहीत. मग आल्या, बसल्या, पट्टा लावला.

"काय म्हणाली?"

"सोमवारपासून परीक्षा आहे."

"मग सोमवारी तिला फोन कर." त्यांनी ओल्या बाह्या वर दुमडल्या. "बहरीनला पोचल्यावर या गाडीचं काय करायचं, कुणाला काय सांगायचं, ते मी ठरवेन. तू ठरवायचं नाहीस."

"हो," जयप्रकाश म्हणाला.

त्याने गाडी सुरू केली. तिथून तबूकपर्यंत रस्ता कोरडा आणि मोकळा होता. तरी त्याने गाडी चाळिसाच्या वर नेली नाही, आणि सुहाबाईंनीही जोरात चल असं म्हटलं नाही.